कथेतला ‘मी’ नक्की कोणाचा?

धागाकर्ता, फोंडा

गेल्या महिन्यात आमच्या कथावाचनात एका तरुण लेखिकेने खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीच्या, गावातली कथा वाचली. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दाराची, फळी मोडते, भरतीचे खारे पाणी बांधाच्या आत शिरते आणि उभे भात बुडते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत राहणारी एक वृद्ध, निरक्षर मुंडकार बाई हे सारे स्वतः सांगते. प्रसंग उत्तम उभा राहिला होता, तपशील खरे होते. पण मध्येच ती बाई म्हणते, ‘माझ्या अस्तित्वाचा सारा इतिहास त्या क्षारयुक्त पाण्यात विरघळत होता.’ हे वाक्य ऐकताच बांधावरची बाई नाहीशी झाली आणि तिथे लेखिका येऊन उभी राहिली.

प्रथमपुरुषी निवेदन घेतले की पात्राचा आवाज आपोआप मिळतो, असा समज नवोदितांमध्ये फार पसरला आहे आणि तो मला चुकीचा वाटतो. ‘मी’ घेतल्यावर संवादच काय, आभाळाचे वर्णनसुद्धा त्या पात्राच्याच शब्दसंपत्तीतून यावे लागते. आपल्याकडे तर अडचण दुहेरी आहे, कारण ती बाई घरात कोकणी बोलते आणि कथा मराठीत लिहिली जाते. ज्याला हे पेलत नाही त्याने पात्राच्या जवळ राहणारे तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद, काणकोण

सर, आपले निदान बरोबर आहे, पण उपाय मान्य नाही. तृतीयपुरुषी कथेत आपल्याकडे काय होते ते पाहा. निवेदक स्वच्छ प्रमाण मराठीत विचार करतो आणि बाईच्या वाट्याला अवतरणचिन्हांतले ‘उदक भितर सरलें’ एवढेच येते. विचार त्याचा आणि बोली तिची, अशी वाटणी झाली की पात्र नमुन्यासारखे मांडून ठेवले जाते. वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या वस्तीवरच्या, बाईला स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावता येत नाही, तो कोणी शिकलेल्यानेच लावायचा, असे न म्हणताही म्हटले जाते. मी स्वतः अशा वाड्यावर वाढले आहे, म्हणून हे मला लागते.

ह. ना. आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ यमुनेच्या तोंडून सांगितली. 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून ती क्रमशः येत होती. लेखक पुरुष असूनही माजघरातल्या बायकांचे बोलणे, टोमणे आणि दबलेले हुंदके वाचकापर्यंत पोचले, ते सांगणारी यमुना होती म्हणून.

धागाकर्ता, फोंडा

यमुनेचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिचा नवरा तिला लिहायला-वाचायला शिकवतो, हा त्या कादंबरीतला महत्त्वाचा भाग आहे. त्यामुळे ती आपली कहाणी सांगू शकते यावर वाचकाचा विश्वास बसतो. आमच्या कथेतली बाई कोणाला सांगते आहे, कधी सांगते आहे, पाणी शिरले त्याच रात्री की दहा वर्षांनी नातीला, याचा कथेत कुठेच पत्ता नाही. ‘मी’ला ऐकणारा लागतो. ऐकणारा ठरला की शब्द आपसूक ठरत जातात.

प्रतिसाद, डिचोली

तिसरी वाटही आहे. ‘बनगरवाडी’त ‘मी’ म्हणणारा मास्तर बाहेरून आलेला आहे, धनगरांपैकी नाही. तो जे ऐकतो ते माणदेशी बोलीत जसेच्या तसे उतरते आणि त्याचे स्वतःचे निवेदन शिकलेल्या माणसाचेच राहते. त्यात कुठे खोटेपणा वाटत नाही.

प्रतिसाद, मडगाव

या चर्चेत मराठी व्याकरणाचा विचार अजून झालेला नाही. मराठीत ‘ती म्हणाली की मी येते’ असे आपण लिहितो. ‘की’नंतरही बोलणाऱ्याचा पुरुष आणि काळ जागेवरच राहतो. दुसऱ्याचे बोलणे सांगताना ते मोडावे लागत नाही, म्हणून मराठी निवेदकाला पात्राच्या मनात शिरणे सोपे जाते. उदाहरणादाखल तोच प्रसंग मी असा लिहीन:

‘म्हातारी बांधावर आली. पाणी आत शिरले होते. गेले, यंदाचे भात गेले. आता भाटकाराला काय सांगायचे? आणि सांगून तरी काय, त्याचे पोट कुठे या शेतावर आहे?’

पहिली दोन वाक्ये निवेदकाची आहेत. ‘गेले’पासून म्हातारी बोलू लागते, तरी अवतरणचिन्ह नाही आणि ‘तिला वाटले’ही नाही. काणकोणच्या ताईंना जी वाटणी खटकते ती इथे उरत नाही, कारण अर्थ लावणारी तीच आहे. अर्थात काही गोष्टी हातून सुटतातच. कोकणीत लहान मुलीचा आणि तरुणीचा उल्लेख नपुंसकलिंगी होतो, पुढे तो स्त्रीलिंगी होतो. या म्हातारीला तिचे लग्नाआधीचे दिवस आठवले तर कोकणीत क्रियापदच ते वय सांगेल. मराठीतल्या ‘मी गेले’मध्ये तो फरक विरून जातो. त्याची भरपाई लेखकाने तपशिलातून करायची.

प्रतिसाद, काणकोण

आपला परिच्छेद मला आवडला. तरीही एक काम ‘मी’च करू शकतो, ते म्हणजे लपवणे. तृतीयपुरुषी निवेदक पात्राच्या मनात शिरला आणि तिथली महत्त्वाची गोष्ट त्याने दडवली, तर वाचकाला फसवल्यासारखे वाटते. तीच गोष्ट ‘मी’ने टाळली तर तो तिचा स्वभाव ठरतो. माणूस स्वतःबद्दल बोलताना कुठे अडखळतो, कोणता विषय आला की घाईने पुढे सरकतो, यातून त्याचा आवाज मला शब्दांपेक्षा जास्त कळतो.

धागाकर्ता, फोंडा

हे वाचल्यावर त्या कथेचे हस्तलिखित पुन्हा काढले. फळी बदलण्यासाठी गावाने वर्गणी काढून तिच्या मुलाकडे पैसे दिले होते, असा एका ओळीत उल्लेख आहे. त्या पैशांचे पुढे काय झाले, हे बाई शेवटपर्यंत सांगत नाही. वाचनाच्या दिवशी मी तो कथेचा दोष म्हणून दाखवला होता आणि लेखिका गप्प बसली होती. आज वाटते की ती बाई मुलाला पाठीशी घालते आहे आणि ही कथा ‘मी’शिवाय सांगता येणार नाही. ‘अस्तित्वाचा सारा इतिहास’ हे वाक्य मात्र आजही मला तिथे नको आहे. ते खोडून, ‘मी’ तसाच ठेवून आणि ऐकायला नातीला समोर बसवून कथा पुन्हा लिहावी, असे तिला आज कळवतो आहे.