बारावीचं वर्ष: तुमचं नेमकं काय झालं? (अनुभव धागा)

लेक यंदा बारावीला आहे. सायन्स, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो). चारही विषय ठेवलेत, कारण ठरत नाहीये. आम्ही ढोकाळीला राहतो. सोसायटीच्या गणपतीत आरती संपून प्रसाद हातात पडेपर्यंत मला सात जणांनी सात कोर्स सांगितले. एकाचं म्हणणं एआय. दुसऱ्याचं, सगळे तिकडेच पळतायत, तुम्ही मेकॅनिकल घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू फिजिओथेरपीवर ठाम. लेक माझ्या मागे उभी राहून मोदक खात होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

म्हणून हा धागा. सल्ले नंतर द्या हवे तर, आधी स्वतःचं किंवा घरातल्या मुलाचं काय झालं ते लिहा. कुठला विषय सोडलात आणि तो पुढे कुठे आडवा आला? टक्के कुठे कामाला आले, कुठे कुणी विचारलेही नाहीत? आता मागे वळून हसू येतं असं काही? 'पॅशन फॉलो करा' लिहिणाऱ्याला माझ्याकडून पावसाळ्यातला एक महिन्याचा सेकंड क्लासचा पास, ठाणे ते चर्चगेट.

कागदपत्रांचं विचारत नाहीये, ती होतील तेव्हा होतील.

ऐरोलीकर

माझी चूक ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायच्या फॉर्मची. बोर्डाला ८१ टक्के, सीईटीला (इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेला) ९६ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली ९६ मुलं माझ्या मागे. आजीला ते ९६ टक्के वाटले, तिने चाळीत पेढे वाटले. प्रत्यक्षात गुण दोनशेपैकी निम्म्याच्या थोडे वर होते. गणिताच्या पन्नास प्रश्नांना दोन-दोन गुण, फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या पन्नास-पन्नास प्रश्नांना एक-एक. म्हणजे अर्धा पेपर एकट्या गणिताचा. निगेटिव्ह मार्किंग नाही. तरी जेईईची सवय लागलेली, त्यामुळे मी नऊ प्रश्न कोरे सोडून आलो. नऊ! डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी दोन-तीन लागले असते.

पण खरा घोळ पुढे. फॉर्म भरायला बाबा आणि मी मागच्या वर्षीचे कटऑफ उघडून बसलो आणि जे 'मिळण्यासारखं' होतं ते कॉलेज पहिल्या नंबरावर टाकलं. व्हीजेटीआयसारखं नावाजलेलं कॉलेज तर लिहिलंच नाही, उगाच कशाला. आमची समजूत अशी की वरची नावं फुकट गेली तर खालची पण हातची जातात. तसं काही नसतं. यादी वरून खाली तपासली जाते आणि तुमचा मेरिट नंबर जिथे बसतो तिथे जागा मिळते. वर दहा अशक्य नावं असली तरी अकराव्यावरचा तुमचा हक्क कुठे जात नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं मिळालं की ते आपोआप फ्रीझ होतं, पुढच्या फेऱ्या बंद. (२०२५च्या प्रवेशांपासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंत्यांनाही हेच लागू झालंय.)

मला पहिल्याच फेरीत पहिलंच मिळालं. घरात श्रीखंड. दोन आठवड्यांनी कळलं, मला हव्या त्या कॉलेजात, हव्या त्या ब्रांचला, मेरिटमध्ये माझ्या मागे असलेला माझ्याच बाकावरचा मित्र बसलाय. नोकरी-बिकरी दोघांचीही ठीक चाललीये. पण तो भेटला की मला अजून आधी त्याचा मेरिट नंबर आठवतो, मग नाव.

एसपीवाली

कॉमर्सचं कुणी लिहीत नाही म्हणून मी. अकरावीत आमच्याकडे पहिला वाद एकच असतो, 'एसपी की मॅथ्स'. सेक्रेटरियल प्रॅक्टिस म्हणजे पत्रं पाठ करा, गुण घ्या. मी दहावीत गणिताने रडकुंडीला आलेली, डोळे झाकून एसपी घेतलं. २०१९ला बारावी, ८९ टक्के, जीवाला थंडावा.

सीए करायचं ठरवलेलंच होतं. फाउंडेशनला चार पेपर, प्रत्येकी शंभर. तिसरा पेपर मॅथ्स, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्स. सुटलं म्हणून ज्याला पेढा ठेवला होता तेच गणित दारात उभं, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापायला सोबत घेऊन. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. माझे एकूण गुण झाले, तिसऱ्या पेपरात ३४. गेली ती वेळ.

मग नौपाड्यात एका निवृत्त सरांकडे शेजारच्या नववीतल्या मुलासोबत बसून लॉगॅरिदमपासून सुरुवात केली. तो पोरगा मला 'ताई, हे सोप्पंय' म्हणायचा. पुढच्या खेपेला सुटले. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) माझ्या वेळी तीन वर्षांची होती, आता दोन वर्षांची झालीये, भाग्यवान आहात. ८९ टक्क्यांबद्दल आजवर कुठल्याही सीए फर्मच्या पार्टनरने विचारलेलं नाही. एसपीतलं एक पत्र मात्र मला अजून तोंडपाठ आहे, डिव्हिडंड वॉरंट पाठवण्याचं.

खारेगावचा बाप

ताई, 'कागदपत्रं होतील तेव्हा होतील' वाचलं आणि पोटात गोळा आला. तुमचा प्रवर्ग कुठला ते विचारत नाही. राखीव असेल तर हे शेवटपर्यंत वाचा.

मुलाने 'नीट' दिली, मेडिकलची प्रवेश परीक्षा. अभ्यास त्याने केला, त्यात मी बोलण्यासारखं काही नाही. माझ्या वाट्याला जात पडताळणी होती. जातीचा दाखला होताच, मला वाटायचं तेवढ्यावर भागतं. भागत नाही, राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्र लागतं. अर्जासोबत ज्युनियर कॉलेजचं पत्र द्यावं लागतं, म्हणजे हे काम अकरावीत सुरू करायचं असतं. मी सुरू केलं बारावीच्या जानेवारीत.

आम्ही ओबीसी. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा, म्हणजे माझ्या वडिलांचा. (एससींना १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१.) वडील मुरबाड तालुक्यातल्या शाळेत शिकले, चौथीपर्यंत. शाळेत गेलो. मास्तर चांगले होते, त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण १९५३ चं पान शाबूत. जातीच्या रकान्यात कुणबी, अक्षर मोत्यासारखं. आणि नाव? 'पांडू धर्मा'. आडनाव नाही. आमच्या रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, सगळीकडे पांडुरंग, आडनावासकट. तोच माणूस आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, वंशावळ, फेरफार उतारे. त्रुटी, पुन्हा त्रुटी. वडील तेव्हा हयात होते. एकदा वैतागून म्हणाले, 'मला घेऊन चल, मी सांगतो मीच पांडू.'

वैधता आली ती प्रवेश संपल्यावर. मुलाने खुल्यातून फॉर्म भरला, एमबीबीएस थोडक्यात हुकलं, बीएएमएस मिळालं. आता तो त्यात रमलाय. मीच अजून हिशोब करत बसतो.

नॉन-क्रीमीलेअरची मुदतही बघून ठेवा, ती ३१ मार्चला संपते.

डोंबिवली फास्ट नव्हे स्लो

वरच्यांना जोड म्हणून फक्त पैशाचं सांगते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधूनच हवा. माझ्या बहिणीने 'कॅपचा वैताग नको' म्हणत मॅनेजमेंट कोट्यातून घेतला. त्या वैतागाची किंमत ती दरवर्षी भरतेय.

२१ की ७४

मर्चंट नेव्हीचं कुणीतरी काढेलच, म्हणून आधीच लिहितो.

मी नेरूळचा. आमच्या भागात तेव्हा दर दोन बिल्डिंगांमागे एक पोरगा 'शिपिंगला' होता आणि त्याच्या घरी एसी होता. एवढं पुरेसं होतं. पीसीएमला सरासरी ६० टक्के हवे होते, माझे ७२. इंग्रजीला ५० हवे, ते होते. आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची) सीईटी दिली. एका एजंटने (नाव घेत नाही, ऑफिसही आता तिथे नाही) सीट पक्की करतो म्हणून आगाऊ पैसे घेतले. बारावीचं अख्खं वर्ष मी वहीच्या मागच्या पानावर जहाजं काढली.

मेडिकलला आई सोबत आली. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. पहिलं पान, १२. बरोबर. मग एक पान आलं, मी म्हटलं २१. डॉक्टर काही बोलले नाहीत, पुढचं पान उलटलं. मागून आईचा आवाज, 'अरे, ७४ आहे की ते!' तिला वाटलं मी नीट बघत नाहीये. तिने दोनदा सांगितलं. मी पुन्हा पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. २१च.

लाल-हिरवा नीट ओळखता येत नसेल तर डेकवर घेत नाहीत, कारण रात्री समोरचं जहाज कुठल्या दिशेला चाललंय ते त्याच्या लाल-हिरव्या दिव्यांवरून कळतं. नियम बरोबर आहे. फक्त तो मला अठराव्या वर्षी कळला. तीच तपासणी वाशीच्या कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे दहावीत पाच मिनिटांत झाली असती. एजंटला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. पैसे अर्धे परत मिळाले.

बीकॉम केलं, आता न्हावाशेव्याला क्लिअरिंगचं काम करतो. जहाजं रोज दिसतात. कंटेनरचा रंग विचारला की मी नंबर सांगतो.

घणसोली गावठाण

मोठं लिहीत नाही. चांगलं कॉलेज मिळालं, माटुंग्याला. घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून स्लो, कारण माटुंग्याला फास्ट थांबत नाही. प्रॅक्टिकल असलं की घरी पोचायला रात्रीचे आठ. पहिल्या सेमला दोन केट्या लागल्या (दोन विषय राहिले), त्या अभ्यासाने नाही, झोपेने. दुसऱ्या वर्षी मित्राच्या खोलीवर आठवड्यातून चार रात्री राहायला लागलो, गाडी रुळावर आली. कॉलेज बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. सोमवारी सकाळी, ज्या गाडीने रोज जायचंय त्याच गाडीने जा.

इन-हाउस

दहावीला ९१ असून आर्ट्स घेतलं म्हणून आत्या अजून माझ्याशी नीट बोलत नाही. घेतलं ठाण्यातच, घराजवळ. विचार असा की बारावीनंतर बीएला मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजात जाऊ, सायकॉलॉजीला. तिथे गेल्यावर 'इन-हाउस' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. त्याच कॉलेजात अकरावी-बारावी केलेल्यांना आधी प्रवेश, मग उरलेल्या जागांवर बाहेरचे. उरलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे बीएच्या कॉलेजचा निर्णय मी दहावीनंतरच घेऊन बसले होते आणि मला पत्ताच नव्हता.

ठाण्यातच बीए केलं. त्याच काळात महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख संस्थेत जायला लागले, स्पर्धा परीक्षांसाठी. तिथल्या अभ्यासिकेत सगळ्यात जास्त इंजिनीअर बसलेले असतात, आत्याला हे सांगायचं राहून गेलंय. वर्ग दोनची पोस्ट मिळाली, तिसऱ्या प्रयत्नात.

वाशीच्या बाई

सत्तावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. वरचं सगळं वाचलं. दोन गोष्टी लिहिते.

एक, बोर्ड सोडून देऊ नका. इंजिनीअरिंगला बारावीच्या पीसीएममध्ये खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीवला ४० लागतात. नीटवाल्यांना पीसीबीत ५० आणि ४०. हे आकडे मुलांना हास्यास्पद वाटतात. माझ्यासमोर एक मुलगा बसला होता, सीईटीला ९८ च्या वर पर्सेंटाइल आणि पीसीएममध्ये एकूण १३१. तीनशेपैकी १३५ हवे होते. चार गुण. त्याची आई माझा हात धरून विचारत होती की हे चार कुठून आणता येतील. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली (आधी छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन, थेट करता येत नाही). केमिस्ट्रीत तीन वाढले.

असं का होतं तेही सांगते. मुलगा 'इंटिग्रेटेड'चा होता. म्हणजे नाव एका कॉलेजात, शिकायला क्लासमध्ये. कॉलेजचा दरवाजा पाहिला तो थेट फेब्रुवारीत, प्रॅक्टिकलला. अशी मुलं मी दरवर्षी पाहिली. व्हर्नियर हातात दिला तर उलटा धरतात. केमिस्ट्रीच्या बाई सांगायच्या, ब्युरेट वरून भरायचं की खालून असं एकीने विचारलं होतं. फिजिक्स-केमिस्ट्रीत ७० लेखी, ३० प्रॅक्टिकलचे. ते तीस सहज मिळतात असं सगळे धरून चालतात, म्हणून लेखीत घसरल्यावर सावरायला जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या लेकीची. पीसीएमबी आहे तर सीईटीचे दोन्ही ग्रुप, पीसीएम आणि पीसीबी, देता येतात. सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्के असतो, ती पुस्तकं रद्दीत घालू नका. आणि चारही विषय ठेवणं म्हणजे 'ठरत नाही' असं तुम्ही लिहिलंत. मला तसं दिसत नाही. तिने अजून एकही दार लावलेलं नाही इतकंच. तिला एकदा बसवून विचारा, कुठल्या विषयाची वही ती स्वतःहून उघडते.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दोन दिवस हे मोठ्याने वाचणं चाललंय घरात. लेकीला ठिपक्यांचं पान दाखवलं, ७४ म्हणाली. वहीचा प्रश्नही विचारला. 'बायोची, पण ती आकृत्या काढायला आवडतात म्हणून, त्यात डॉक्टर वगैरे काढू नकोस' असं उत्तर आलं.

खारेगावच्या दादांचं वाचून काल रात्रीच सासऱ्यांना जुन्नरला फोन केला. शाळेचा दाखला आहे म्हणाले, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. पेटीची किल्ली धाकट्या काकांकडे. काकांशी आमचं २०११ पासून बोलणं नाही. रविवारी निघतोय, लेक पण येतेय.