मदत हवी आहे : शेवटच्या ताटापर्यंत सारखं कसं वाढायचं?

पुढच्या महिन्यात ४०० माणसांचं जेवण आहे, वाढायची जबाबदारी माझ्याकडे. मागच्या वेळी पहिल्यांना डाव भरभरून गेला आणि शेवटी आलेल्या एका आजींच्या ताटात पातेल्याचा तळ खरवडून वाढावं लागलं. ते अजून मनाला लागून राहिलंय. यंदा प्रत्येक पदार्थाला एकाच मापाचा डाव ठेवतेय, पण वाढप्याचा हात सैल सुटतोच, तो कसा आवरायचा?

शिवाय शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहायला हवं, नाहीतर २ तासांत संपायला हवं. मग मोठं पातेलं झाकून ठेवून थोडं थोडं बाहेर आणावं का? हातमोजे घातलेला माणूस त्याच हाताने घाम पुसतो, मोबाइल उचलतो; त्यापेक्षा साबणाने वरचेवर धुतलेले हात मला बरे वाटतात. तुम्ही काय करता?