मदत हवी आहे: कुत्रा सांभाळताना लव्हलँडला स्कीइंग जमेल का?

मंडळी, एप्रिलमध्ये मैत्रिणीचं घर आणि तिचा म्हातारा लॅब्राडोर सांभाळायला कोलोराडोत गोल्डनला जातेय. लव्हलँड हे स्कीइंगचं ठिकाण तिथून आय-70 महामार्गाने तासाभरावर, त्यामुळे एक दिवस स्कीइंगचा मोह होतोय.

अडचण वेळेची. वसंतातला बर्फ रात्री गोठतो, सकाळी काचेसारखा कडक असतो. उन्हाने वरचा थर सैल झाला की खरी मजा, आणि दुपारनंतर नुसता रबरबाट. इकडे कुत्र्याला सकाळी संधिवाताची गोळी पनीरच्या तुकड्यात लपवून द्यायची (नुसती दिली तर शिताफीने थुंकतो), आणि सहा तासांपेक्षा जास्त एकटा ठेवायचा नाही. म्हणजे साडेआठला निघाले तर अडीचला दारात हवी.

शेजारच्या काकू तेव्हा गावाला असतील. कुत्र्यांच्या डे-केअरला विचारलं, पण ते आधी चाचणीचा दिवस मागतात आणि म्हातारबुवांना अनोळखी कुत्री खपत नाहीत. ॲपवरून कुणाला बोलावून किल्ली देणं मैत्रिणीला मान्य नाही. गाडीत ठेवायचं तर कृपया सुचवूच नका.

शनिवार-रविवारी आय-70 तुंबतो, म्हणून मंगळवार किंवा बुधवारच जाईन. स्की आदल्या संध्याकाळी भाड्याने घेईन. गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे. ट्रॅक्शन लॉ (बर्फाळ रस्त्यासाठी योग्य टायर हवेत असा तिथला नियम) मेअखेरपर्यंत असतो, त्यामुळे टायर बघूनच घेणार.

नेहमी जाणाऱ्यांनी सांगा: एप्रिलमध्ये तिथे बर्फ साधारण किती वाजता सैल होतो, आणि एकला निघून अडीचपर्यंत गोल्डन गाठता येतं का?