बायकांचं तिकीट फुकट, तरी घरचा प्रवास खर्च का वाढूलालाय?

खानापूरकर
११ जून २०२३ ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना (बायकांना सरकारी बस फुकट) चालू झाली तेव्हापासून आई, बायको, बहीण कुणाच्याच तिकिटाला पैसे लागत नाहीत, आधार दाखवलं की झिरो तिकीट. मग प्रवासाचा आकडा खाली यायला पाहिजे की नको? आमच्यात तर चढतच चाललाय. बाबांच्या जुन्या हिशेबाच्या वह्यांत प्रवास म्हणजे एक बसचा पास आणि दिवाळीला पुण्याचं तिकीट, संपलं. आता पेट्रोल, रिक्षा, वडाप (शेअर जीप), पोराचा पास, फास्टॅग, यादीच मोठी. पुरुषांचं तिकीट ५ जानेवारी २०२५ पासून १५ टक्के वाढलं हे खरं, पण तेवढ्यानं एवढा फरक पडत नाही. तुमच्याकडं कशावर जातंय?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
गाडीवर जातंय, आणि कशावर! सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा गावाकडची शेवटची बस कधीच गेलेली असते, मग हप्त्यावर का होईना गाडी घ्यावीच लागते आणि एकदा दारात आली की ती काय नुसती ड्युटीला जाते होय, दूध आणायला गाडी, दळणाला गाडी, मारुतीच्या देवळाला पण गाडी. पेट्रोल शंभरच्या वर. हप्ता आणि इन्शुरन्स तर प्रवासात कोण लिहीतच नाही, ते धरलं तर विचारूच नका.

आकडेमोड
हे तुमच्या एकट्याच्या घरचं नाही. केंद्र सरकारच्या घरखर्चाच्या सर्वेक्षणात २०११-१२ ला खेड्यातल्या माणसाच्या महिन्याच्या खर्चात प्रवास ४.२० टक्के होता, २०२२-२३ ला ७.५५ झाला. शहरात ६.५२ वरून ८.५९. आता हे बहुतेक शक्तीच्या आधीचे आकडे, आणि त्यात बसचं तिकीट आणि गाडीचं पेट्रोल एकाच रकान्यात येतं, म्हणून एसटी महागली एवढ्यावर बोट ठेवता येत नाही. वहीत बस वेगळी आणि पेट्रोल वेगळं लिहून बघा, चोर सापडेल.

शहापूरची_सून
भावोजी, आमचं तिकीट फुकट झालं म्हणून आमचं फिरणं वाढलं हे कोण का बोलेना? सौंदत्तीला यल्लम्माला जाते तर बसला रुपया लागत नाही, पण ओटी, नारळ, पोरांचा चहा-भजी आणि परत आल्यावर स्टँडपासून घरापर्यंत रिक्षा. रिक्षावाला मागतो तेवढ्यात पूर्वी गावाला जाऊन येणं व्हायचं!

आणि माहेर कोल्हापूरचं असेल तर अजून गंमत. आमची सवलत हद्दीपर्यंतच, म्हणून निपाणीपर्यंत झिरो तिकीट, तिथनं लाल परी, हद्द ओलांडली की बायकांना तिकडं अर्धं तिकीट. दोनदा चढउतार, बॅगा, पोरं, पण वाचतात पैसे. २०२५ च्या फेब्रुवारीत भाषेच्या भांडणात दोन्हीकडच्या बस बंद झाल्या तेव्हा मात्र मिळेल त्या गाडीनं जावं लागलं, त्यात वर्षाची सवलत वसूल झाली म्हणा.

कडोलीचा_पावणा
वैनी बरोबर 😄 आम्हा पुरुषांना अर्ध्या सीटा राखीव म्हणे, कागदावर. उभं राहूनच जातोय, पूर्ण तिकीट काढून.

खानापूरकर
बस-पेट्रोल वेगळं मांडून बघितलं. बस खरंच निम्म्याच्या खाली आलीय, बाकी सगळं पेट्रोल. बेळगावला रोज गाडीनं जातो तेच. रेल्वेचा मासिक पास काढावा म्हणतोय, कोण जातं काय खानापुरातनं?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
माझा चुलतभाऊ जातो. पास स्वस्तच हाय, १ जुलै २०२५ ला भाडं वाढलं तेव्हा पण पासाला हात लावला नाही. सकाळचं जमतंय, संध्याकाळच्या रेल्वेचं टायमिंग मात्र स्टेशनवर विचारून घे, ऑफिस सुटायची वेळ जुळत नसेल तर परत गाडीच काढशील.