मदत हवी आहे: भरतीची तयारी, जांघेत दुखतंय, फिजिओ लावलीये पण फरक नाही

नमस्कार मंडळी, अमळनेर तालुक्यातून लिहितेय. माझी नणंद (वय २१) पोलीस भरतीची तयारी करतेय, आधी कॉलेजच्या खो-खो टीममध्ये होती म्हणजे पळायची सवय आहे, पण संक्रांतीपासून उजव्या जांघेत दुखतंय. आधी पळून झाल्यावर दुखायचं, आता पळायला सुरुवात केली की लगेच, आणि घरी जिना चढताना कठडा धरते. नेमकं कुठे ते विचारलं तर एका जागी बोट ठेवत नाही, अंगठा मागे आणि बोटं पुढे असा पंजा खुब्याला लावून दाखवते, आत खोल दुखतं म्हणते.

शीर चढली असेल म्हणून सासूबाईंनी तेलाने चोळून दिलं, मग तालुक्याला फिजिओ लावली. तिथे शेक, करंटचं मशीन आणि जेल लावून फिरवतात ते, झालं, चला घरी. व्यायाम एकही सांगितला नाही. त्या दिवशी बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पळाली की जैसे थे. एक्स-रे नॉर्मल आला.

मैदानी चाचणी ५० मार्कांची, त्यात एकट्या ८०० मीटरचे २०, त्यामुळे बाईसाहेब थांबायला तयार नाहीत. ऊन चढायच्या आत पहाटे गाव ते फाटा डांबरी रस्त्यावर पळते. कोणते व्यायाम करावेत? यूट्यूबवर पायाचे स्ट्रेचिंग खूप आहेत, ते चालतील का? आणि दाखवायचं तर जळगाव की धुळे?

मैदानावरचा: वहिनी, हे कबड्डीवाल्यांचं नेहमीचं दुखणं आहे, मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू. मलाही झालं होतं, रेड टाकताना पाय फाकला आणि बसलं. पाठीवर झोपून गुडघ्यांच्या मध्ये फुटबॉल ठेवायचा आणि दाबून धरायचा, सोडायचा, परत दाबायचा. नंतर एका कुशीवर, वरचा पाय बाकावर ठेवून अंग उचलायचं, हे लई जड जातं पण कामाचं आहे. मी तर म्हणतो शेक बंद करा अन् व्यायाम चालू करा.

फिजिओ_ताई: दादा, तुमचे दोन्ही व्यायाम बरोबर आहेत पण ते तुमच्या दुखण्यावरचे. स्नायूचं दुखणं असतं तर पोरीने मांडीच्या आत, हाडाला स्नायू चिकटतो तिथे बोट ठेवून दाखवलं असतं. आणि शेकाबद्दल बोलताय तर १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डेन्मार्कच्या डॉक्टरांचा अभ्यास आला होता, असं जुनं जांघेचं दुखणं असलेल्या खेळाडूंचे दोन गट केले, एकाला व्यायाम आणि दुसऱ्याला मसाज, लेझर, करंट, स्ट्रेचिंग. व्यायामवाले २३ जण पूर्ण बरे होऊन खेळायला लागले, दुसऱ्या गटातले फक्त ४. म्हणजे नुसत्या मशीनवर भागत नाही हे खरंच.

पण वहिनी, इथे मी व्यायाम सांगणार नाही. पळणारी मुलगी, आत खोल दुखणं, पंजा लावून दाखवणं, दिवसेंदिवस लवकर सुरू होणारं दुखणं, हे ऐकलं की सगळ्यात आधी मांडीच्या हाडाच्या मानेला (खुब्याच्या गोळ्याखालचा निमुळता भाग) बारीक भेग (स्ट्रेस फ्रॅक्चर) नाही ना ते बघावं लागतं. खुब्याच्या सांध्यातली गादी किंवा हाडाची ठेवण अडकूनही असं दुखतं, त्यात मांडी घालून बसलं किंवा खोल उकिडवं बसलं की जास्त टोचतं, पण ते दाखवायला थोडं थांबलं तरी चालतं, भेगेसाठी थांबून चालत नाही. सुरुवातीला एक्स-रेत भेग बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. आणि पळत राहिलं तर हाड सरकू शकतं, मग ऑपरेशन आणि खुब्याच्या गोळ्याच्या रक्तपुरवठ्याची काळजी वेगळी.

तीन गोष्टी विचारा: लंगडते का, रात्री कूस बदलताना दुखतं का, आणि पाळी वेळेवर येते का. शेवटचं तुम्हीच विचारा, भावाला सांगणार नाही. दुखतंय का बघायला एका पायावर उडी मात्र मारायला लावू नका.

धुळेकर: आमच्याकडे गरुड मैदानावर भरतीची बरीच पोरं पोरी दुखणं दाबून पळतात, वर पेनकिलर. अॅकॅडमीवाले पण म्हणतात सहन कर, अंगवळणी पडेल.

मूळ लेखिका: विचारलं. लंगडते, संध्याकाळी जास्त. रात्री झोपमोड होते. आणि पाळी चार-पाच महिन्यांपासून नाहीच म्हणे! जास्त पळाल्यामुळे असं होतं असं मैत्रिणींनी सांगितलं होतं म्हणून गप्प होती. वजन उतरवायचं म्हणून रात्रीची भाकरी पण सोडलीये, पहाटे नुसता चहा घेऊन पळते आणि आम्हाला वाटायचं पोरगी किती शिस्तीची.

फिजिओ_ताई: मग आजपासून पळणं, उड्या, गोळाफेक सगळं बंद. उद्याच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, धुळ्याला हिरे मेडिकल कॉलेजची ऑर्थो ओपीडी किंवा जळगावला, जे लवकर जमेल ते. एमआरआय खुब्याचा सांगा, कधी कधी कमरेचा काढून आणतात आणि पैसे जातात. भेग मानेच्या खालच्या बाजूला असेल तर बहुतेक वेळा कुबड्या आणि विश्रांतीवर भरून येते, वरच्या बाजूला असेल तर बऱ्याचदा स्क्रू घालावे लागतात, म्हणून घाई करतेय. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच, व्हिटॅमिन डी पण तपासून घ्या. पळणाऱ्या मुलीने कमी खाल्लं की आधी पाळी जाते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. रात्रीची भाकरी-भाजी आजच सुरू करा, दूध-दही, शेंगदाणे, डाळ सगळं.

भेग नसेल तर रिपोर्ट इथे टाका (नाव झाकून), मग व्यायामाचं बोलू, त्यात भरपूर करता येतं.

मूळ लेखिका: उद्या सकाळच्या एसटीने धुळ्याला निघतोय. ती रडतेय, जाहिरात आली तर काय म्हणून. स्टँडपासून चालणं चालेल ना?

फिजिओ_ताई: नको, रिक्षा करा. मेडिकलवाल्याकडून दोन कुबड्या भाड्याने घ्या, एक नाही, दोन. हात सरळ खाली सोडल्यावर मनगट येतं तिथे मूठ यायला हवी, आणि वरचा भाग काखेत रुतवून लटकायचं नाही, वजन हातांवर. उजवा पाय नुसता टेकवायचा.