गाडीच्या आतली साफसफाई: ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

मंडळी, पाऊस ओसरला की आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत दार उघडताच कुबट वास येतो. सुगंधी डबी लावून तो जात नाही. ओल कुठून आली ते शोधायचं, ती पूर्ण सुकवायची आणि मगच ब्रश हातात घ्यायचा, असं माझं ठाम मत आहे. बाहेरच्या पॉलिशबद्दल नको, फक्त आतलं लिहा. सुरुवात मी करतो.

माजिवडा
आमची गाडी सोनमोहोराखाली उघड्यावर उभी असते. यंदा पुढच्या डाव्या सीटसमोरचं कार्पेट दाबलं की बोटं ओली व्हायची. अशा वेळी आधी दोन जागा बघाव्यात: एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी आणि वायपरखालची जाळी. दमट हवेत बराच वेळ एसी चालू ठेवूनही गाडीखाली थेंब पडत नसतील, तर नळी चोंदलेली असण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे थेंब नीट पडत होते. मग जाळी उघडली, तर आत पाकळ्या आणि बारीक पानांचा काळा लगदा! तो काढला, पाणी ओतून पाहिलं, निचरा झाला. पण खरं काम पुढेच होतं. कार्पेट वरून कोरडं लागलं तरी खालचा फोम पाणी धरून ठेवतो, म्हणून सीट काढून कार्पेट उचलावं लागलं. हे मेकॅनिककडूनच करून घ्या. सीटखाली पिवळ्या सॉकेटच्या वायरी दिसतात त्या एअरबॅगच्या. बॅटरी जोडलेली असताना त्या ओढायच्या नसतात. फोम कडक उन्हातही लगेच वाळत नाही. अर्धवट ओला बसवला की वास परत आलाच म्हणून समजा.

ऐरोली
आमच्या सीटबेल्टवर पांढरी बुरशी आली होती. पट्टा शेवटपर्यंत ओढला आणि आत जाऊ नये म्हणून वर चिमटा लावला. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, एवढंच वापरलं. ब्लीच अजिबात नको, त्याने पट्ट्याचा धागा कमजोर होतो आणि जीव त्या धाग्यावर असतो. खडखडीत वाळल्यावरच पट्टा आत सोडला.

बेलापूर
दिवाळे गावातून कोळंबी आणताना पिशवी फाटली आणि सगळं पाणी डिकीत! गरम पाणी टाळा, त्याने डाग आणखी पक्का होतो. गार पाण्याने टिपून घेतलं, मग एन्झाइमवालं क्लीनर मारून बराच वेळ ठेवलं. वाळल्यावर खायचा सोडा रात्रभर पसरला आणि सकाळी व्हॅक्यूम केला. तरी वास येतच राहिला, म्हणून डिकीची मॅट उचलली. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. तिथे आधी बघा.

घोडबंदर रोड
मेट्रोच्या कामाची धूळ आम्ही रोज खातो. माझा एकच आग्रह: एसीचा केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. माझा काढला तेव्हा पांढऱ्याचा राखाडी झाला होता, घड्यांत पिसं आणि डास. कागदी फिल्टर धुऊ नका, नवा घाला. त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. घर जवळ आलं की मी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवते. आतली कॉइल सुकते, त्यामुळे वास धरत नाही.

खारघर
टॅक्सी चालवतो. चकचकीत करायचं लिक्विड स्टिअरिंगला आणि पेडलला कोणालाही लावू देऊ नका, हात-पाय सटकतात. डॅशबोर्डही बिनचमकीचाच ठेवा. सायन-पनवेल रस्त्यावर दुपारी त्याची चमक समोरच्या काचेत उतरते आणि पुढचं दिसत नाही.

कळवा
विसर्जनानंतर सीटवर गुलाल असतो. ओलं फडकं लावलंत तर रंग कापडात मुरतो. आधी कोरडा व्हॅक्यूम, उरलेलं कोरड्या ब्रशने. छताला लागला असेल तर काय करावं? आमच्याकडे तो अजून तसाच आहे.

माजिवडा
कळवेकर, छताचं कापड गोंदाने चिकटवलेलं असतं. त्यावर थेट फवारा मारू नका, भिजलं की लोंबतं. कोरडा गुलाल मऊ ब्रशने काढा. मग क्लीनर मायक्रोफायबरवर घ्या, पिळून जेमतेम ओलसर ठेवा आणि घासण्याऐवजी टिपत जा.