‘अहो, तुम्ही तेच ना?’ : प्रसिद्धीचे अनुभव लिहा

सात वर्षांपूर्वी माझा चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ व्हायरल झाला. साचलेल्या पाण्यातून कुत्र्याचं पिल्लू काढताना मीच घसरतो आणि तीनदा ‘अगं आई गं’ म्हणतो, एवढंच. मग काय, रस्त्यात दिसलो की लोक तेच ओरडायचे. मीही हौसेनं म्हणून दाखवायचो. महिनाभरात वडिलांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. स्ट्रेचर आत जात असताना दार धरून उभ्या असलेल्या माणसानं मला ओळखलं आणि हसत म्हणाला, “अगं आई गं!” त्याला काय ठाऊक स्ट्रेचरवर कोण आहे. पण मी हसलो. त्या हसण्याचा राग अजून येतो.

तुम्हाला किंवा घरात कुणाला अशी लहान-मोठी प्रसिद्धी लाभली असेल तर लिहा. नाव-गाव नको.

—

दादा, वाचून पोटात कालवलं. मी चार वर्षं एका मालिकेत खाष्ट सासू होते. एकदा एका आजींनी माझं मनगट घट्ट धरलं नि म्हणाल्या, “त्या पोरीला छळू नकोस गं.” डोळ्यांत खरंखुरं पाणी. त्यांना माझं सगळं माहीत, मला त्यांचं नावही नाही! माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, हॉर्टन आणि वोल या दोघांनी १९५६ सालीच या एकतर्फी नात्याला ‘पॅरासोशल’ असं नाव दिलंय. नाव कळून मनगट दुखायचं थांबत नाही, ते सोडा.

खरं सांगायचं ते वेगळंच. तेव्हा मी बाहेर पडताना तोंडाला स्कार्फ बांधायचे. मालिका संपून सहा महिने झाले आणि एका रांगेत उभी असताना मी तो मुद्दाम सोडला. कुणीही वळून पाहिलं नाही. पुढच्या बाईंना उगीचच विचारलं, “रांग हीच ना?” त्या “हो” म्हणाल्या आणि पुन्हा मोबाइलमध्ये.

—

माझा धाकटा भाऊ खेळाडू आहे. मला स्वतःचं नाव उरलेलं नाही, मी ‘त्याचा भाऊ’. तो जिंकला की वीस वर्षं न बोललेले मित्र पास मागतात. हरला की अनोळखी लोक आमच्या आईवरून शिव्या पाठवतात. आई ते वाचते, वाचलं नाही म्हणते. २०२१ मध्ये टेनिसपटू नाओमी ओसाकानं पत्रकार परिषदा नाकारल्या आणि पुढे फ्रेंच ओपनमधून माघारच घेतली. ती बातमी लागली तेव्हा भाऊ टीव्हीसमोर उभा होता. बराच वेळ गप्प. मग एवढंच म्हणाला, “असं करता येतं?”

—

रडगाणी पुरे! मी गातो, लोक ओळखतात, अडलेली कामं पटापट होतात आणि मला ते भयंकर आवडतं. प्रसिद्धी नको म्हणणारे बरेच जण आरशासमोर जास्त वेळ असतात (ताई, तुम्हाला नाही म्हणत).

—

मी कॅमेऱ्यामागचा. विमानतळाबाहेर उभं राहून ताऱ्यांचे फोटो काढायचो. राजकुमारी डायनाच्या १९९७ मधल्या अपघाताचा ब्रिटनमधला निकाल २००८ साली लागला. त्यात चालकाबरोबर पाठलाग करणाऱ्या फोटोग्राफरांच्या गाड्यांवरही ठपका होता. आम्ही आपसांत म्हणायचो, ते वेगळे, आपण नुसते उभे असतो. एकदा एक नटी मुलाला घेऊन बाहेर आली. जेमतेम तीन वर्षांचं पोर. आम्हाला पाहताच, कुणी न सांगता, त्यानं दोन्ही तळवे चेहऱ्यावर घेतले आणि तसंच, न बघता, आईच्या पायाला टेकून चालू लागलं. चेहरा नसलेल्या फोटोला एरवी कोण विचारतं? त्या फोटोला मला दुप्पट पैसे मिळाले. मी घेतले.